बॅनब्रिजहून परतीची वाट : आयरिश संगीताचं १९७५ साल

३० जुलै १९७५, बुधवारची रात्र. उत्तर आयर्लंडमधल्या बॅनब्रिज गावात कॅसल बॉलरूम नावाचं नाचघर होतं. तिथे त्या रात्री डब्लिनचा 'मायामी शोबँड' हा बँड वाजवत होता. मध्यरात्रीनंतर कार्यक्रम संपला, वाद्यं पेटीत गेली, सामान गाडीत चढलं. ड्रमवादक रे मिलरचं घर जवळच्या अँट्रिममध्ये, म्हणून तो वेगळ्या गाडीने तिकडे गेला. बाकीचे पाच जण फोक्सवॅगन मिनीबसमध्ये बसून दक्षिणेला, डब्लिनच्या दिशेने निघाले. ट्रम्पेटवादक ब्रायन मकॉय गाडी चालवत होता.

त्या रस्त्यावर पुढे जे घडलं, त्यामुळे आयर्लंडमधली माणसं आजही हे वर्ष विसरलेली नाहीत. पण फक्त त्या रात्रीबद्दल लिहिलं तर ती दूरच्या देशातल्या हिंसाचाराची आणखी एक बातमी होऊन उरते. पाच वादक रात्री अडीच वाजता उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातल्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर का होते, आणि त्यात कुणालाच काही वावगं का वाटत नव्हतं, हे समजलं तरच त्या रात्री काय मोडलं ते कळतं. त्यासाठी चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

१९३५ साली नव्या आयरिश राज्याने सार्वजनिक नाचघरांचा कायदा केला. नाच ठेवायचा तर न्यायालयाकडून परवाना घ्यायचा, असा त्याचा गाभा. तोवर खेड्यापाड्यांत नाच व्हायचे ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरात किंवा चार रस्ते मिळतात तिथे. एक फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक बासरी, जमलं तर अॅकॉर्डियन, आणि शेजारीपाजारी. तरुण मुलामुलींच्या अशा एकत्र येण्यावर चर्चचा डोळा होताच. कायदा आल्यावर पाद्री आणि पोलिसांनी मिळून घरच्या नाचांनाही पायबंद घातला. संगीत स्वयंपाकघरातून उठलं आणि सभागृहात गेलं, त्यातली बरीच सभागृहं चर्चच्याच ताब्यात. लोकसंगीताचं यात मोठं नुकसान झालं असं अनेक जुने वादक सांगत आले आहेत, आणि ते पटतं. पण याच कायद्याने नकळत आणखी एका गोष्टीची पायाभरणी केली. लोकांना तिकीट काढून मोठ्या जागेत नाचायची सवय लागली.

१९५०चं दशक आयर्लंडला फार जड गेलं. शेतीत पैसा नाही, शहरात काम नाही. दहा वर्षांत सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली, बहुतेक इंग्लंडला. मागे राहिलेल्या तरुणांना आठवड्यातून एक रात्र मोकळी मिळायची, ती नाचाची. त्या काळचे ऑर्केस्ट्रा काळ्या सुटात, समोर स्वरलेखनाचे स्टँड ठेवून, खुर्चीवर बसून वाजवायचे. टायरोन परगण्यातल्या स्ट्रबेन गावच्या 'क्लिपर कार्लटन' या बँडने स्टँड बाजूला केले आणि सगळे उभे राहिले. ते वाजवता वाजवता हलायचे, नकला करायचे, प्रसिद्ध गायकांचे आवाज काढायचे. नाचणारे लोक नाच थांबवून रंगमंचाकडे पाहू लागले. शोबँड हा शब्द इथून रुळला.

सात-आठ माणसं, एकसारखे चमकदार सूट, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन-सॅक्सोफोन, दोन गिटार, ड्रम आणि एक देखणा गायक असा साधारण शोबँडचा संच. रात्रभर वाजवायचं आणि सगळं वाजवायचं. रेडिओ लक्झेंबर्गवर आठवड्यात ऐकलेलं इंग्लंड-अमेरिकेतलं ताजं गाणं शनिवारी हुबेहूब सादर झालं पाहिजे, मध्ये एखादं जिम रीव्ह्जच्या वळणाचं कंट्री गाणं, एखादं जुनं आयरिश गाणं, आणि शेवटी राष्ट्रगीत. नाचघरात मुलगे एका भिंतीशी, मुली समोरच्या भिंतीशी. गाणं सुरू झालं की मुलांचा लोंढा मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडे जायचा. दारू नसायची. चहा, लिंबाचं सरबत, बाटलीतली सोडा-पेयं एवढंच. आयर्लंडमधली कितीतरी लग्नं या फरशीवर जुळली.

लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या सहा-सात आठवड्यांत, नाचघरं बंद असायची. मग हेच बँड बोटीने इंग्लंडला किंवा विमानाने अमेरिकेला जायचे आणि तिथल्या स्थलांतरित आयरिश लोकांसाठी वाजवायचे. लंडनच्या क्रिकलवुड भागातलं गॅल्टीमोर हे अशा नाचघरांमधलं सर्वांत प्रसिद्ध. दिवसभर बांधकामावर राबलेले कॉनॉट-मन्स्टर या आयरिश प्रांतांतले मजूर रात्री तिथे यायचे. ज्यांनी घर सोडलं आणि जे घरी राहिले, अशा दोघांनाही एकच बँड वर्षभरात भेटायचा. या व्यवस्थेचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं ते इथे.

पैसाही मोठा होता. अल्बर्ट रेनल्ड्स आणि त्यांचे भाऊ जिम यांनी क्लाउडलँडसारख्या नाचघरांची साखळीच उभी केली. हेच अल्बर्ट रेनल्ड्स पुढे १९९२ ते १९९४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वॉटरफर्डचा 'रॉयल शोबँड' हा सर्वांचा राजा. एप्रिल १९६२मध्ये लिव्हरपूलला त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्यांच्या आधी वाजवणाऱ्या स्थानिक पोरांच्या बँडचं नाव होतं बीटल्स. रॉयलचा ब्रेंडन बॉयर 'हकलबक' म्हणू लागला की अख्खं सभागृह हलायचं. १९६५ साली ते गाणं आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. रॉयलचाच टॉम डन्फी बास वाजवायचा आणि कंट्री गाणी म्हणायचा.

आयर्लंड युरोव्हिजन गीतस्पर्धेत उतरला तोही शोबँडच्याच खांद्यावर बसून. १९६५चा पहिला प्रतिनिधी बुच मूर 'कॅपिटॉल'चा गायक, १९६६चा डिकी रॉक 'मायामी'चा, १९६७मध्ये दुसरा आलेला शॉन डन्फी 'होडाउनर्स'चा. १९७०मध्ये शेवटी जिंकली ती मात्र शोबँडची नव्हे. ती होती डेरी शहरात वाढलेली शाळकरी मुलगी डेना. डेरी उत्तरेत, म्हणजे ब्रिटिश राज्यात, आणि ती गायली आयर्लंड प्रजासत्ताकाच्या वतीने. त्या क्षणी ही गोष्ट कुणाला खुपली नाही.

संगीताचे जाणकार शोबँडना फार नावं ठेवतात. नकलाकार, परक्या गाण्यांचे भाट, स्वतःचं काही नाही. यातला काही भाग खरा आहे, कारण स्वतः रचलेलं गाणं वाजवायची मुभा त्या व्यवस्थेत जवळजवळ नव्हती. तरीही ही टीका करणाऱ्यांनी एक गोष्ट नजरेआड केली असं मला वाटतं. विजेची गिटार परवडत नाही, अॅम्प्लिफायर मिळत नाही, अशा देशात पंधरा वर्षांच्या मुलाला रोज रात्री वाजवायला मिळेल आणि वर पैसे मिळतील, अशी दुसरी शाळा कुठे होती? रोरी गॅलाघर कॉर्कमध्ये किशोरवयातच 'फाँटाना' शोबँडमध्ये शिरला. १९६३ साली त्याने कॉर्कमधल्या क्राउलींच्या दुकानातून १९६१च्या बनावटीची जुनी स्ट्रॅटोकास्टर गिटार शंभर पौंडांना उचलली. ती त्याने आयुष्यभर सोडली नाही, आणि तिचा रंग त्याच्या घामाने उडून गेला. बेलफास्टचा व्हॅन मॉरिसन 'मोनार्क्स'मध्ये सॅक्सोफोन वाजवत शिकला. 'थिन लिझी' या रॉक बँडचा पहिला गिटारवादक एरिक बेल 'ड्रीम्स' शोबँडमधून आला. पुढे पॉल मॅकार्टनीच्या 'विंग्ज'मध्ये गेलेला हेन्री मकलक 'स्कायरॉकेट्स'मधून. सत्तरच्या दशकात आयर्लंडने जगाला दिलेल्या रॉकची मुळं या चमकदार सुटांत आहेत.

आता मायामीकडे. १९६२मध्ये डब्लिनमध्ये उभा राहिलेला हा बँड डिकी रॉकच्या काळात प्रचंड गाजला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रॉक बाहेर पडला आणि पुढे सूत्रं फ्रॅन ओ'टूलच्या हाती आली. फ्रॅन विक्लो परगण्यातल्या ब्रे गावचा. कीबोर्ड वाजवायचा, गायचा, स्वतः गाणी लिहायचा, आणि त्याचा गळा काळ्या अमेरिकन सोल गायकांच्या वळणाचा होता. १९७५च्या उन्हाळ्यातला संच असा : फ्रॅन ओ'टूल, गिटारवर डब्लिनचा टोनी गेराटी, ट्रम्पेटवर ब्रायन मकॉय, सॅक्सोफोनवर बेलफास्टचा डेस ली, ड्रमवर रे मिलर, आणि बासवर टिपरेरीतल्या कॅरिक-ऑन-शूरचा स्टीफन ट्रॅव्हर्स. ट्रॅव्हर्स बँडमध्ये येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते.

यात मकॉय आणि मिलर उत्तरेतले प्रोटेस्टंट, बाकीचे कॅथलिक. बँडमध्ये याची कुणी कधी मोजदाद केली नव्हती. आज ती करावी लागते. आयर्लंडची १९२१मध्ये फाळणी झाली. उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले, उरलेल्या सव्वीसांचा स्वतंत्र देश झाला. १९६९पासून उत्तरेत रक्तपात सुरू झाला. ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणारे बहुतेक प्रोटेस्टंट आणि अखंड आयर्लंड हवा असणारे बहुतेक कॅथलिक यांच्यात दोन्ही बाजूंनी सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या, आणि मध्ये ब्रिटिश लष्कर. १७ मे १९७४ला दक्षिणेत डब्लिन आणि मोनाहनमध्ये एकाच संध्याकाळी गाडीबॉम्ब फुटले, ३३ माणसं गेली. अशा दिवसांतही शोबँड सीमा ओलांडत राहिले. चौकीवर गाडी थांबायची, जवान दिव्याच्या उजेडात पोस्टरवर पाहिलेले चेहरे ओळखायचा, कधी सही मागायचा, आणि गाडी पुढे. उत्तरेतल्या नाचघरांत दोन्ही धर्मांची मुलं येत. राजकारण्यांना जे जमत नव्हतं ते शुक्रवारी रात्री तिकीट काढून होत होतं.

शोबँडचा धंदा तोवर उतरणीला लागला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हॉटेलांना आणि लाउंज बारना नाच आणि दारू दोन्ही एकत्र देता येऊ लागलं. ज्याला पेला हातात घेऊन गाणं ऐकता येतं तो सोडा-पेयांच्या नाचघरात कशाला जाईल? डिस्को आले. एक माणूस, दोन तबकड्या, आठ जणांचा पगार वाचला. मोठ्या नावांनीही वाट बदलली. बॉयर आणि टॉम डन्फी यांनी १९७१मध्ये रॉयल सोडून 'बिग एट' काढला, आणि ते वर्षाचा मोठा भाग लास व्हेगसमध्ये घालवू लागले. १९७५च्या जुलै अखेरीस, मायामी बॅनब्रिजला जाण्याच्या अवघे दिवसभर आधी, टॉम डन्फी कार्यक्रमाला जाताना रस्ता अपघातात गेला. आयरिश संगीताच्या जगाला एकाच आठवड्यात दोन धक्के बसले, पण दुसरा इतका भयंकर होता की पहिल्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. निदान इथे ती नोंदवावीशी वाटली.

३१ जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास, न्यूरी शहर येण्याआधी बस्कहिल या ठिकाणी, लष्करी गणवेशातल्या माणसांनी लाल दिवा हलवून मायामीची गाडी थांबवली. नेहमीची चौकी समजून मकॉयने गाडी कडेला घेतली. पाच जणांना खाली उतरवून रस्त्याच्या कडेच्या चराशी, शेताकडे तोंड करून, डोक्यावर हात ठेवून उभं केलं. सुरुवातीला थोडी थट्टामस्करीही झाली. नंतर एक माणूस आला, त्याचा उच्चार इंग्लिश अधिकाऱ्यासारखा होता असं वाचलेले दोघे पहिल्यापासून सांगत आले आहेत. गाडीच्या मागच्या भागात कुणीतरी सामान उचकत होतं. आपल्या वाद्याला धक्का लागू नये म्हणून ट्रॅव्हर्स तिकडे वळला, तर त्याला मारून परत रांगेत ढकललं.

ती चौकी खोटी होती. ती माणसं 'अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स' या प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनेची होती. त्यांच्यातले निदान चार जण ब्रिटिश लष्कराच्या स्थानिक भरतीच्या 'अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट'मध्येही होते. गणवेश खरे होते. बॉम्ब गाडीत लपवायचा, गाडी पुढे जाऊ द्यायची, आणि तो दक्षिणेच्या वाटेवर फुटू द्यायचा असा बेत होता. म्हणजे पाचही वादक मरतील आणि वर जगाला वाटेल की हे गाणारे लोक अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीसाठी स्फोटकं वाहून नेत होते. सीमा ओलांडणारा प्रत्येक बँड संशयित ठरेल. ज्यांनी हे योजलं त्यांना शोबँडची गाडी काय करते आहे ते बरोबर कळलं होतं असं म्हणावं लागतं. ती गाडी माणसं जोडत होती, म्हणून तीच निवडली गेली.

बॉम्ब ठेवत असतानाच फुटला. तो ठेवणारे दोघे, हॅरिस बॉइल आणि वेस्ली सॉमरव्हिल, जागीच ठार झाले. वादक शेतात फेकले गेले. मग उरलेल्यांनी गोळीबार सुरू केला. ब्रायन मकॉय, टोनी गेराटी आणि फ्रॅन ओ'टूल तिथेच मारले गेले. गेराटी अवघा चोवीस वर्षांचा होता. स्टीफन ट्रॅव्हर्स गंभीर जखमी होऊन मित्रांच्या मृतदेहांशेजारी मेल्यासारखा पडून राहिला. डेस ली स्फोटाने झुडपांत उडाला होता. तो वाचला, आणि रस्त्यावर येऊन त्याने मदत मिळवली.

या खटल्याचा माग अजून पुरता संपलेला नाही. रेजिमेंटच्या दोन जवानांना १९७६मध्ये आणि एका माजी जवानाला १९८१मध्ये जन्मठेप झाली. बाकीचे कधीच न्यायालयासमोर आले नाहीत. २०११मध्ये जुन्या प्रकरणांचा तपास करणाऱ्या पोलीस पथकाने अहवाल दिला, आणि त्यात पोलिसांच्या गुप्त शाखेशी संबंध असलेल्या एका कुख्यात माणसाच्या बोटांच्या ठशांचा उल्लेख होता. ट्रॅव्हर्स, ली आणि मृतांच्या कुटुंबीयांनी ब्रिटिश संरक्षण मंत्रालय आणि उत्तर आयर्लंडच्या पोलिसांवर दावा लावला. डिसेंबर २०२१मध्ये तो सुमारे १५ लाख पौंडांच्या भरपाईवर मिटला. त्या पहाटेला तेव्हा ४६ वर्षं झाली होती.

त्या ऑगस्टमध्ये दक्षिणेतल्या बँडनी उत्तरेतल्या तारखा रद्द केल्या, आणि बऱ्याच जणांनी त्या पुन्हा कधी घेतल्या नाहीत. इंग्लंडचे बँड तर बेलफास्टला यायला आधीच कचरत होते. रात्री गाडी घेऊन घरी परतायचं हा त्या धंद्याचा कणा होता. आता रस्त्यात गणवेश दिसला की तो कुणाचा, हे सांगता येईना. शोबँडचं युग मायामीच्या हत्येने संपलं असं सरसकट लिहिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. धंदा हॉटेलांनी आणि डिस्कोने खाल्ला होता. त्या रात्रीने मारला तो विश्वास, आणि विश्वास गेल्यावर धंदा सावरायची शक्यताही गेली.

याच वर्षी, याच देशात, दुसरं एक संगीत भर जोमात होतं. ज्या लोकसंगीताला १९३५च्या कायद्याने स्वयंपाकघरातून हुसकलं होतं ते आता थेट मोठ्या सभागृहांच्या मंचावर येऊन बसलं होतं. त्याची पूर्वपीठिका अशी : १९५१मध्ये पारंपरिक वादकांची 'कोल्तस' ही संस्था स्थापन झाली आणि तिने वार्षिक मेळे सुरू केले. साठच्या दशकात संगीतकार शॉन ओ रीआदा याने लोकवादकांना सूट-टाय घालून, मैफलीच्या शिस्तीत, एकत्र वाजवायला बसवलं. एकट्याने वाजवायच्या या संगीताची मांडणी होऊ शकते हे त्याने दाखवलं. तो १९७१मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, गेला. त्याच्याच वर्तुळातून इलिन पाइप्स या आयरिश बॅगपाइपचा वादक पॅडी मोलोनी पुढे आला. त्याने १९६२मध्ये 'चीफटन्स' काढला.

चीफटन्सचे वादक तेव्हा नोकऱ्या सांभाळून वाजवायचे. १७ मार्च १९७५ला, म्हणजे आयर्लंडचे संत पॅट्रिक यांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी लंडनचं रॉयल अल्बर्ट हॉल भरून टाकलं. विजेचं एकही वाद्य नाही, जवळजवळ गाणं नाही, फक्त पाइप्स, टिनच्या शिट्ट्या, फिडल, बोधरान हा डफासारखा ढोल आणि आयरिश हार्प. हार्प वाजवायचा डेरेक बेल, बेलफास्टचा प्रोटेस्टंट. त्यानंतर त्यांनी नोकऱ्या सोडल्या आणि पूर्णवेळ संगीत पत्करलं. वर्षअखेरीस स्टॅनली कुब्रिकचा 'बॅरी लिंडन' प्रदर्शित झाला आणि त्यात चीफटन्सने वाजवलेली ओ रीआदाची 'म्ना ना हेरिन', म्हणजे 'आयर्लंडच्या स्त्रिया', ही चाल जगभर पोहोचली. ती चाल बांधणारा मात्र ते पाहायला नव्हता.

तरुणांची धाव मात्र दुसरीकडे होती. क्रिस्टी मूर, डोनल लनी, अँडी अर्व्हाइन आणि पाइप्सवर लीअम ओ'फ्लिन यांच्या 'प्लँक्स्टी'ने १९७२पासून लोकगीताला एक नवं अंग दिलं होतं. पाइप्सच्या सुरावटीखाली बूझुकी आणि मँडोलिनच्या तारा एकमेकींत विणत जायच्या. बूझुकी मूळची ग्रीक. जॉनी मॉयनिहान नावाच्या वादकाने ती साठच्या दशकात आयर्लंडमध्ये आणली, आणि आज ती आयरिश नाही असं म्हटलं तर तिथला माणूस भांडेल. एकेक सदस्य बदलत १९७५च्या डिसेंबरात प्लँक्स्टी विसर्जित झाला.

पण लनी तोवर दुसरीकडे गुंतला होता. २ फेब्रुवारी १९७५ला डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये 'बोथी बँड'ने पहिल्यांदा वाजवलं. स्कॉटलंडमध्ये हंगामी मजुरीला गेलेले आयरिश लोक ज्या झोपड्यांत राहत त्यांना बोथी म्हणत, त्यावरून हे नाव. पॅडी कीनन पाइप्सवर, मॅट मोलॉय बासरीवर, टॉमी पीपल्स फिडलवर, आणि डोनिगॉलशी नातं असलेली बहीणभावंडं ट्रिओना आणि मीहॉल ओ डोनल. त्यांचा पहिला अल्बम त्याच वर्षी निघाला आणि त्याच्या नावातच १९७५ हा आकडा होता. तो आजही ऐकावा. नाचाच्या रील त्याच जुन्या, पण खाली ठोका असा की रॉकचा श्रोता बसलेल्या जागी उभा राहावा. शोबँडच्या विजेच्या गिटारींना जे साधलं नाही ते या लोकांनी एक बूझुकी, एक गिटार आणि एका क्लॅव्हिनेट या कीबोर्डवर साधलं, असं माझं ठाम मत आहे.

'हॉर्सलिप्स'ची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यांनी दोन्ही जगं जोडली. जुन्या गेलिक कथांवर आणि चालींवर रॉक रचणारा हा बँड स्वतःच्या लेबलवर तबकड्या काढायचा. १९७३चा त्यांचा 'ताइन' हा अल्बम कूहुलिन या वीराच्या पुराणकथेवर बेतलेला. पण ते वाजवायचे कुठे? शोबँडच्याच नाचघरांत. मेयो आणि रॉसकॉमनसारख्या परगण्यांतल्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या पोरांनी आयुष्यातला पहिला रॉक बँड पाहिला तो गावच्या त्याच बॉलरूमच्या फरशीवर. १९७५मध्ये त्यांचे दोन अल्बम आले. दुसरा पूर्णपणे लोकवाद्यांचा होता, हिवाळ्यासाठी काढलेला.

परदेशात नाव काढलेल्यांचंही हे वर्ष गडबडीचं होतं. जानेवारीत रोलिंग स्टोन्सने रोरी गॅलाघरला रॉटरडॅमला बोलावलं. ते नवा गिटारवादक शोधत होते. रोरीने काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवलं आणि जपानचा स्वतःचा दौरा ठरला होता म्हणून तो निघून गेला. थिन लिझीचा फिल लिनॉट, गयाना देशातून आलेल्या वडिलांचा आणि आयरिश आईचा मुलगा, डब्लिनच्या क्रमलिन भागात आजीआजोबांकडे वाढलेला. १९७५मध्ये त्याच्या बँडने 'फायटिंग' अल्बममध्ये दोन गिटारींचा जोडस्वर पक्का केला, पुढच्या वर्षी तोच त्यांची ओळख झाला. युरोव्हिजनमध्ये आयर्लंडतर्फे गेले स्वारब्रिग बंधू, स्टॉकहोममध्ये नववे आले.

मायामीच्या हत्येला बरोबर तीन महिने झाले त्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९७५च्या हॅलोविनच्या रात्री, डब्लिनच्या बोल्टन स्ट्रीटवरच्या तांत्रिक महाविद्यालयात शहराजवळच्या डुन लिरीच्या काही तरुणांनी पहिला कार्यक्रम केला. त्याच रात्री त्यांनी आपलं आधीचं नाव टाकून 'बूमटाउन रॅट्स' हे नाव घेतलं. गायक होता बॉब गेल्डॉफ. सूट नाही, ट्रम्पेट नाही, परक्या गाण्यांची नक्कल करत आयुष्य काढायची तयारी नाही. तीन वर्षांनी त्यांचं 'रॅट ट्रॅप' ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथवर पोहोचलेला तो पहिला आयरिश रॉक बँड. त्या हॅलोविननंतर वर्षभराच्या आत, सप्टेंबर १९७६मध्ये, डब्लिनच्याच माउंट टेंपल शाळेतल्या काही मुलांनी जो बँड काढला त्याला आपण चांगले ओळखतो. १५ डिसेंबर २०१९ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू ऐकायला गेलेल्या मुंबई-पुणेकरांना तो आठवत असेलच.

उत्तरेत मात्र शांतता पसरली होती, ती वाईट अर्थाने. संध्याकाळी सहानंतर बेलफास्टचा मध्यभाग लोखंडी फाटकांनी बंद व्हायचा. बाहेरचा जवळजवळ कुणी बँड येईना. अपवाद रोरी गॅलाघर. १९७४च्या जानेवारीत त्याने आयर्लंड दौऱ्याचा थेट अल्बम ध्वनिमुद्रित केला, त्यात बेलफास्टचा कार्यक्रमही होता. नंतरही तो बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये येत राहिला. ज्यांनी त्याला तिथे ऐकलं ते त्याचं नाव आजही वेगळ्या आवाजात घेतात. ऑक्टोबर १९७७मध्ये 'द क्लॅश' या इंग्लिश पंक बँडचा अल्स्टर हॉलमधला कार्यक्रम विम्याच्या कारणाने ऐन वेळी रद्द झाला. बाहेर जमलेली पोरं रस्त्यावर बसली, पोलिसांशी झटापट झाली. त्या गर्दीत कॅथलिक वस्तीतली मुलं होती आणि प्रोटेस्टंट वस्तीतलीही. नाचघरांच्या फरशीवर जी एकत्र यायची ती आता बंद दारासमोर एकत्र आली होती.

बाहेरून कुणी येत नाही तर आपणच वाजवावं. बेलफास्टमध्ये 'स्टिफ लिटल फिंगर्स' उभा राहिला. टेरी हूली या माणसाने ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, बॉम्बहल्ले सर्वांत जास्त झालेल्या भागात, 'गुड व्हायब्रेशन्स' नावाचं तबकड्यांचं दुकान उघडलं, आणि पुढे त्याच नावाचं लेबल काढलं. डेरीत १९७५च्या सुमारास पाच शाळकरी मुलं एकत्र येऊन गिटार शिकू लागली होती. मायामीची बातमी आली तेव्हा ती पंधरा-सोळा-सतरा वर्षांची असतील. त्यांच्या शहरात लष्कराच्या चौक्या होत्या, आणि गाण्यात त्यांना त्याबद्दल काहीच लिहायचं नव्हतं. मुली, उन्हाळा, चॉकलेट, चुलतभाऊ यांबद्दल लिहायचं होतं. 'अंडरटोन्स' नावाने त्यांनी १९७८मध्ये हूलीच्या लेबलवर 'टीनेज किक्स' काढलं. त्या तबकडीचं वेष्टन म्हणजे एक छापील कागद, हातांनी घड्या घालून केलेला. सप्टेंबरात बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलने ती लावली, गाणं संपलं, आणि त्याने सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

डब्लिनमध्ये, जिथे एके काळी नॅशनल बॉलरूम होतं त्या पार्नेल स्क्वेअरवर, २००७च्या डिसेंबरात मायामीच्या तिघांचं स्मारक उभं राहिलं. त्याचं नाव आहे 'चला, नाचू या'.